भट्टीमागची खोली

"सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का गं तुझं?"

मी कागदात पाव बांधत होते. हात तसाच थांबला. काउंटरच्या पलीकडे उभी असलेली बाई मी याआधी कधी पाहिली नव्हती. पन्नाशीकडे झुकलेली, अंगावर करड्या रंगाची शाल, कपाळ मोकळं. चढ चढून आल्यामुळे तिला अजून धाप लागत होती.

"कोण तुम्ही?"

"दुखतं का नाही, तेवढं सांग."

दुखत होतं. मार्गशीर्षात लग्न होऊन मी पाचगणीला आले, आणि महिनाभरातच हे सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की कपाळात कुणी पाचर ठोकतंय असं वाटायचं. पोटात ढवळायचं, पाय लटपटायचे, कधी कधी समोरचं माणूस काय बोलतंय तेही कळायचं नाही. दुपार झाली की सगळं ओसरून जायचं, जसं काही झालंच नव्हतं. शेजारच्या बाया गालातल्या गालात हसत होत्या, पण त्यातलं काही नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. आणि डोक्याचं तर मी नवऱ्याखेरीज कुणाजवळ बोललेच नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? तुझा चेहराच सांगतोय. माझ्या बहिणीचाही असाच झाला होता. ह्याच घरात." तिनं बेकरीच्या आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी अनुसया. रतनची थोरली बहीण. वाईला असते."

रतन म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी पौषात वारली. लग्न जमवताना मला एवढंच सांगितलं होतं की हृदय बंद पडलं, झोपेतच गेली.

"सकाळचा चहा कोण करतं?"

"ते करतात. भट्टीवरच."

"आणि तुला आणून देतो. अंथरुणात."

मी पावाला शेवटची गाठ मारली आणि तो पुढं सरकवला.

"रतनलाही द्यायचा," अनुसयाताई म्हणाल्या. पाव उचलून त्यांनी पिशवीत टाकला. "मला काही शाबीत करता आलं नाही. डॉक्टरनं हृदय लिहून दिलं, संपलं. पण तू अजून जिती आहेस. बघ तुझं तू."

त्या उतार उतरून गेल्या. आत भट्टीजवळ रंगनाथराव खारीचे पत्रे आपटत होते, त्याचा आवाज येत होता. रोजच्यासारखाच. मला मात्र तो आवाज पहिल्यांदाच वेगळा वाटला.

त्यांना गावात रंगनाथराव म्हणत, म्हणून मीही मनात तेच म्हणायचे. तोंडावर 'अहो'. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मी स्वतः बत्तिसाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली. फलटणजवळच्या आमच्या गावात आईचं दुखणं काढता काढता माझी उमर निघून गेली. आई गेली तशी दोघा भावांना मी घरात जड झाले. 'बिजवर असला म्हणून काय झालं, दुकान आहे, व्यसन नाही,' असं म्हणत त्यांनी घाईघाईनं अक्षता टाकल्या. निघताना थोरली वहिनी म्हणाली होती, "आता तेच तुझं घर, वन्सं. माघारी बघू नका." ते आशीर्वाद म्हणून नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि खरं सांगायचं तर त्या माणसानं मला काही कमी केलं नव्हतं. थंडी किती असते हे मला फलटणकडच्या उन्हात वाढलेलीला काय माहीत! पहिल्याच दिवशी माझे दात वाजताना पाहून त्यांनी मागची खोली उघडली. तीन वर्षं ती बंद होती, ते स्वतः पुढच्या खोलीत झोपत. त्यांनी तिला चुना मारला, पलंग झटकला. ती खोली भट्टीच्या मागच्या भिंतीला टेकून बांधलेली. पलंग त्या भिंतीशीच. भिंतीला हात लावला की कोमट लागायचं, जनावराच्या पाठीसारखं. बाहेर दहिवर गोठत असताना आत एका गोधडीत भागायचं.

ते मध्यरात्र उलटली की उठून बेकरीत जात. पीठ मळणं, भट्टी पेटवणं, पाव लावणं, सगळं उजाडायच्या आत. उजाडलं की माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन येत आणि पलंगाशी उभे राहून विचारत, "झोप लागली ना? डोकं?"

रोज हेच विचारत. डोकं?

अनुसयाताई येऊन जाईपर्यंत मला त्यात माया दिसत होती. आता वाटलं, हा माणूस रोज मोजतोय की काय, आज किती दुखलं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा दिला, तो मी त्यांची पाठ वळल्यावर मोरीत ओतला. तरी डोकं दुखलंच. तिसऱ्या दिवशीही ओतला. तरी दुखलं.

गुरुवारी बाजाराच्या निमित्तानं मी वाईला उतरले आणि विचारत विचारत अनुसयाताईंच्या घरी गेले. गुरुवारी बेकरी बंद असायची. आणि गुरुवारी माझं डोकं कधी दुखायचं नाही. हे मी त्यांना सांगितलं.

"गुरुवारी चहा कोण करतं?"

"मीच. ते उशिरापर्यंत झोपतात."

"मग झालं तर!"

"पण ताई, मी चहा दोन दिवस प्यायलेच नाही. तरी दुखलं."

"मग रात्रीच्या दुधात असेल. भाजीत असेल. माठात असेल. घर त्याचं, भांडी त्याची. तू कुठंकुठं पुरी पडणार?"

"पण का करतील ते असं?"

"ते मला कळलं असतं तर मी तीन वर्षं अशी जळत बसले असते का?" त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "अगं, इतका जपणारा माणूस तो. भट्टीपाशी वाळूच्या बादल्या काय, ते आग विझवायचं लाल नळकांडं काय! महिन्याच्या महिन्याला त्याचा काटा बघतो. मुंबईहून आणलं होतं. सगळी पाचगणी हसली होती, पावाच्या भट्टीला असलं कशाला म्हणून. असल्या माणसाच्या घरात धडधाकट बाई एका रात्रीत मरते आणि त्याला काही कळत नाही?"

मी परत आले ती डोक्यात तेच घेऊन. रंगनाथराव पुढच्या खोलीत बसून फाटलेल्या पोत्याला टाके घालत होते.

"मी म्हणत होते," मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं, "मी इथंच झोपले पुढं तर? काही दिवस?"

"इथं? गारठून जाशील."

"दोन गोधड्या घेईन."

"नको." ते इतक्या पटकन म्हणाले की मी दचकले. "मागंच झोप. ती खोली उबेची आहे." मग टाका घालता घालता, मान वर न करता, ते म्हणाले, "आणि शालन, डोक्याचं गावात कुणाजवळ बोलत जाऊ नकोस."

"का?"

"लोकांना बोलायला फार लागत नाही."

त्या रात्री मी भाकरी खाल्ली ती त्यांनी खाल्ल्यावर, त्यांच्याच टोपलीतली. दूध घेतलं नाही. पाणी हापशावरून स्वतः भरून आणलं. सकाळी डोकं असं ठणकलं की मी भिंतीला धरून उठले आणि दाराशी उलटी केली. रंगनाथरावांनी मला धरलं. त्यांच्या हाताचं पीठ माझ्या बाहीला लागलं.

दोन दिवसांनी पिठाच्या गोदामात साखरेचं पोतं शोधताना फळीच्या मागं एक डबी सापडली. वर उंदराचं चित्र. अर्धी संपलेली.

"हे काय?" मी हातात धरून विचारलं.

"उंदराचं औषध. पिठाला उंदीर लागतात. हात धू आधी, साबणानं." त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली आणि उंच फळीवर ठेवली. माझा हात पोहोचणार नाही इतकी उंच.

मी त्याच दुपारी वाईला जाणाऱ्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडला, 'ताई, या.'

अनुसयाताई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. हातात एक पिशवी, दुसऱ्या हातात पितळी तांब्या, झाकण फडक्यानं बांधलेलं. रंगनाथराव दारात उभे होते. तीन वर्षांत ही बाई त्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. रस्त्यात भेटली तरी त्यांना 'दाजी' म्हणणं तिनं सोडलं होतं, नुसतं आडनावानं 'पिसाळ' म्हणायची, तेही दुसऱ्याकडे बघून.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते," त्या म्हणाल्या. "उद्या परत बोलावलंय. एक रात्र राहीन म्हणते. तुझ्या बायकोजवळ."

मला वाटलं, हे नकार देतील. काहीतरी कारण काढतील. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. "राहा की. राहा," ते म्हणाले. "शालन, वांगी आहेत ना घरात? यांना भरलेली वांगी आवडतात."

"माझा उपास आहे," अनुसयाताई म्हणाल्या.

"मग साबुदाणा..."

"निरंकार आहे. पाणीसुद्धा माझं मी आणलंय."

रंगनाथरावांनी तांब्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. चेहऱ्यावरचा उजेड गेला. आत जाऊन एक गादी आणली, मागच्या खोलीत पलंगाशेजारी, भिंतीशी घातली, आणि स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकली.

"थंडी आहे फार. दार नीट लावून घ्या," एवढं म्हणून ते गेले.

अनुसयाताईंनी दार लावलं, कडी घातली. खिडकी आधीच बंद होती. भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका होता, त्यात पोत्याचा बोळा कोंबलेला. त्या खोलीभर हिंडून सगळं बघत होत्या. फडताळ उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, गोधड्यांचा वास घेतला.

"इथंच गेली ती," त्या म्हणाल्या. "ह्या भिंतीकडं तोंड करून." गादीवर बसून त्यांनी भिंतीला तळवा लावला. "एवढी ऊब."

"आता काय करायचं, ताई?"

"मी इथलं काही तोंडात घालणार नाही. तूही घालू नकोस. तो उठून गेला की तूही उठ, आणि मागच्या दारानं जाऊन बघ तो चहात काय घालतो ते. डोळ्यांनी बघ. मी इथं पडते. तू अंथरुणात आहेस असं त्याला वाटू दे. आणि काही दिसलं तर दोघी मिळून उद्या वाईच्या फौजदारापुढं उभ्या राहू."

आम्ही तसंच केलं. ते उठून बेकरीत गेल्यावर काही वेळानं मी शाल गुंडाळून परसात उतरले आणि बेकरीच्या मागच्या दाराशी, लाकडाच्या ढिगाआड बसले. पहाट व्हायची होती. दाराच्या फटीतून आतलं सगळं दिसत होतं. हातापायांना मुंग्या आल्या, नाक बधिर झालं, पण मी हलले नाही. सख्ख्या नवऱ्यावर असं दबा धरून बसायची पाळी माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

ते एकटेच होते. भट्टीत लाकडं जळून जळून खाली बसली होती, लालभडक निखारा झाला होता. त्यांनी तो लोखंडी दांड्यानं कडेला ओढला, ओल्या पोत्यानं तळ पुसला. मग शिडीवर चढून धुरांड्याच्या तोंडावर एक फरशी सरकवली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पावाचे पत्रे एकेक करून आत सारले, भट्टीचं दार लावलं आणि कडेनं पिठाचा लगदा फासला. मग भिंतीला पाठ टेकून बसून राहिले. बराच वेळ. एकदा त्यांनी, बाईनं पदराला पुसावेत तसे, सदऱ्याला डोळे पुसले.

उजाडू लागलं तसं त्यांनी भट्टीशेजारच्या छोट्या चुलीवर चहा ठेवला. मी फटीला डोळाच लावला. पाणी. आलं ठेचलं. साखर. पूड. दूध. दुसरं काही नाही. गाळताना कपावर काही पडलं म्हणून त्यांनी ते चमच्यानं काढलं आणि स्वतः एक घोट घेऊन पाहिला. मग तीन कप भरले. त्यातला एक स्वतः उभ्या उभ्या प्यायला.

माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मला रडू आलं. मी परसातून धावत खोलीकडे गेले, अनुसयाताईंना सांगायला, की ताई, काही नाही, चहात काही नाही.

दार मी बाहेर पडताना नुसतं ओढून घेतलं होतं. ढकललं. आत अंधारच होता.

"ताई."

उत्तर नाही.

"ताई, उठा."

त्यांना हलवलं तर मान एका अंगाला कलंडली. उलटी झाली होती, ती गालाखाली तशीच. घशातून घरघर येत होती. शेजारी त्यांचा तांब्या, फडकं बांधलेलं तसंच. त्यांनी आमच्या घरातला पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

मी किंचाळले. मला वाटतं, मी नवऱ्याचंच नाव घेऊन किंचाळले असेन, कारण रंगनाथराव धावत आले ते हातातल्या तबकासकट. कप दाराशीच फुटले. त्यांनी एकदा खाली पाहिलं. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ही जागा, ही भिंत, असंच पडलेलं माणूस, त्यांनी हे सगळं आधी एकदा पाहिलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "परत नाही." आणि त्यांनी अनुसयाताईंना खांद्याखाली हात घालून उचललं. "पाय धर, शालन! बाहेर! उजेडात!"

परसात लाकडाच्या ढिगाशेजारी आम्ही त्यांना निजवलं. रंगनाथरावांनी ताईंच्या तोंडातलं बोटानं काढलं, गालावर चापट्या मारल्या. "अनुसयाबाई! श्वास घ्या! घ्या की!" दहिवरानं जमीन पांढरी झाली होती. त्या गार हवेत थोड्या वेळानं ताईंनी एक मोठा श्वास ओढला, मग खोकल्या, मग डोळे उघडले. डोळे माझ्याकडे होते, पण ओळख नव्हती.

डॉक्टर जवळच राहत, ते अंगावर कोट चढवून आले. त्यांनी पापण्या उलटून पाहिल्या, नाडी पाहिली, आणि पहिलं काय विचारलं तर, "रात्री खोलीत शेगडी ठेवली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात शेगडीच नाही."

"कोळसा, कंदील, काहीच नाही?"

"काही नाही."

"नवल आहे," ते म्हणाले. "दारं-खिडक्या लावून माणसं निखाऱ्याची शेगडी उशाशी ठेवतात आणि सकाळी उठतच नाहीत. त्या विषारी हवेला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच गुंगी येते. हे सगळं तसंच दिसतंय. पण शेगडी नाही म्हणता..." ते सुई टोचू लागले.

निखारा. मी पहाटे बघितलेला निखारा माझ्या डोळ्यांपुढं आला. लालभडक, कडेला ओढलेला. आणि वरची फरशी.

"अहो," मी विचारलं, "तुम्ही धुरांड्यावर ती फरशी सरकवता, तेव्हा आतल्या निखाऱ्याची हवा जाते कुठं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशी कुठं पाहिली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आधी भट्टीकडे पाहिलं, मग भट्टीच्या मागच्या खोलीकडे. आणि ते उठले.

त्यांनी भट्टीचं दार उघडलं, निखाऱ्यावर ओल्या गवताचा भारा टाकला आणि दार परत लावलं. फरशी होती तशीच ठेवली. मग आम्ही मागच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. अनुसयाताईही भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या. डॉक्टर त्यांना बसा म्हणत होते, त्या ऐकेनात.

आधी काही नव्हतं. मग फडताळाच्या मागून, जिथं त्याचं लाकूड भिंतीला भिडलं होतं तिथून, एक पांढरी रेघ वर चढली. मग पलंगाच्या डोक्याशी. मग खाली, ताईंच्या गादीच्या उशाशी. बघता बघता भिंत अशी धुरू लागली, जशी काही ती आतून पेटली होती.

रंगनाथरावांनी फडताळ दोन्ही हातांनी ओढून पाडलं. मागे भिंतीत वरपासून खालपर्यंत चीर होती. करंगळी जाईल एवढी. भट्टीच्या तापानं उललेली.

धूर डोळ्यांत जात होता, तरी कुणी बाहेर जाईना.

"ही खोली मी तिच्यासाठी बांधली," ते म्हणाले. ते आमच्याशी बोलत नव्हते. "तिला थंडी सोसायची नाही. सांधे धरायचे. म्हणून भट्टीला टेकून बांधली, त्या वर्षी दिवाळीनंतर. पलंग मीच इथं सरकवला. झरोक्यातनं वारं येतं म्हणाली, तर बोळा मीच घातला." ते वळले आणि अनुसयाताईंपुढं उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. "तुम्ही खरं बोलत होता, अनुसयाबाई. मीच मारली तिला."

तीन वर्षं ती बाई हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला वाट पाहत होती. त्यासाठी ती चढ चढून आली होती, उपाशी राहिली होती, मरता मरता वाचली होती. मी तिच्याकडे पाहत होते.

"ती माझ्याकडं आली होती," शेवटी ताई म्हणाल्या. आवाज फाटलेला होता. "त्या पौषात. चार दिवस. माझ्याकडं तिचं डोकं दुखलं नाही. म्हणाली, अक्का, मला तिथं बरं वाटत नाही, आणखी राहू दे थोडं. मी म्हटलं, नवऱ्यानं एवढी उबेची खोली बांधून दिली आणि तू इथं गारठ्यात काय करतेस? लोक काय म्हणतील? मीच तिला गाडीत बसवून दिलं." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "तुम्ही नाही मारली, दाजी. नाही."

रंगनाथराव खाली बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून रडले. अनुसयाताई त्यांच्या शेजारी बसल्या. मी मात्र पुढं झाले, पलंगावर चढले आणि झरोक्यातला बोळा ओढून काढला, कारण कुणीतरी ते करायला हवं होतं.

त्या दिवशीचे पाव भट्टीतच कोळसा झाले. दुपारी त्यांनी पहार घेतली आणि भट्टी स्वतः फोडली. वडिलांनी बांधलेली भट्टी होती ती. विटा तापलेल्या होत्या, हाताला फोड आले, तरी ते थांबले नाहीत. मागची खोलीही पाडली. तिसऱ्या दिवसापासून माझं डोकं दुखायचं थांबलं ते कायमचं.

थंडी सरेपर्यंत आम्ही साताऱ्याहून पाव आणून विकले. लोक म्हणत, पिसाळांना वेड लागलं, चालती भट्टी फोडली. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. पण ज्यांच्या ज्यांच्या घरी शेगडी होती, त्यांच्या त्यांच्या दारात जाऊन त्यांनी सांगितलं, खोलीत ठेवून झोपू नका, झोपायच्या आधी बाहेर काढा, झरोका बुजवू नका. एरवी दहा शब्दही न बोलणारा माणूस. काहींनी ऐकलं, काहींनी चेष्टा केली. ते परत परत गेले.

होळीच्या सुमाराला परसाच्या पार टोकाला, घरापासून लांब, चारी बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली आम्ही नवी भट्टी बांधायला घेतली. गवंडी दुपारी जेवायला गेला होता. ते विटा लावत होते, मी हातात देत होते.

"शालन," ते दोरी ताणून ओळ बघत म्हणाले, "तुलाही वाटलं होतं?"

काय वाटलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनी ते मानलंही असतं, निदान तसं दाखवलं असतं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी थापीनं कडेचा चुना काढला. "मग गेली का नाहीस?"

"जाणार कुठं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. उन्हात त्यांच्या भुवयांवर विटेची लाल धूळ बसली होती. "एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं, आता त्यांना लागलं. पण त्यांनी मान डोलावली, हळूच, दोनदा, जशी किती दिवसांपासून हवं असलेलं खरं उत्तर कुणी हातावर ठेवल्यावर माणूस डोलावतो. मग पुढच्या विटेसाठी हात पुढं केला. मी वीट दिली.